पंखांना मान, पानाला मरण



गेल्या महिन्यात लोद येथे नात्यातल्या एका साखरपुड्याला आम्ही गेलो होतो. जेवणे आटोपून पुरुषमंडळी चहाला टेकली, तेव्हा ठाण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी खिशातून फोन काढून मुलांना एक चित्र दाखवले. मखमली काळे पंख, मागच्या पंखांवर निळ्या रंगाचा पसारा आणि त्यावर काळे टिपके. "हे आमच्या महाराष्ट्राचे राज्य-फुलपाखरू," पाहुणे अभिमानाने म्हणाले. "साऱ्या भारतात हा मान देणारे पहिले राज्य आमचे!" त्यावर अमेरिकेत मुलाकडे वर्षभर राहून आलेल्या आमच्या एका मेहुण्यांनी लगेच सांगितले की, तिकडे नुसत्या ठरावावर भागत नाही, तिकडच्या विधिमंडळांनी रीतसर कायदे करून राज्याची फुलपाखरे ठरवली आहेत.

झाले, वाद रंगला. एक पक्ष म्हणाला, लोकांना प्यायला पाणी नाही, आणि लोकप्रतिनिधींना फुलपाखरांवर कायदे करायला वेळ आहे, हा निव्वळ रिकामटेकडेपणा. दुसरा पक्ष म्हणाला, अशाने मुलांना निसर्गाची गोडी लागते, राज्याची शोभा वाढते, आणि खर्च तर काहीच नाही. दोन्ही बाजूंचे आवाज चढले असता कोपऱ्यातून सात वर्षांच्या एका पोरीने विचारले, "पण आजोबा, ते खाते काय?"

"फुलातला मध, बाय," पाहुणे म्हणाले.

"आणि लहान असताना?"

पाहुणे गप्प. मेहुणे गप्प. आम्ही, ज्यांचे सारे लहानपण रेवदंड्याच्या आगरात गेले, तेही क्षणभर गप्प. त्या पोरीच्या प्रश्नाला उत्तर मिळण्याआधीच कोणीतरी मिठाईचे ताट पुढे केले आणि विषय बदलला. पण आमच्या डोक्यातून तो प्रश्न जाईना. आज आम्ही लेखणी उचलली आहे ती त्याच प्रश्नासाठी.

आमचे म्हणणे दोन्ही पक्षांहून वेगळे आहे, आणि ते प्रथमच स्पष्ट सांगतो. फुलपाखरासाठी कायदा करणे हा रिकामटेकडेपणा नव्हे. तो चांगला कायदा आहे. पण आजवर तो अर्धाच केला गेला आहे. ज्या कायद्यात फुलपाखराचे नाव आहे आणि त्याच्या अळीच्या झाडाचे नाव नाही, तो कायदा म्हणजे पाळणा न बांधता केलेले बारसे होय.

आता त्या पोरीला जे उत्तर आम्ही त्या दिवशी दिले नाही, ते येथे देतो. फुलपाखरू जन्मतः फुलपाखरू नसते. मादी अंडे घालते ते पानावर, आणि तेही कोणत्याही पानावर नव्हे. त्या अंड्यातून अळी निघते आणि अळी पान खाते. पोटभर खाऊन कोश करते, आणि त्या कोशातून पंख बाहेर येतात. बहुतेक जातींच्या अळ्यांना एका झाडाचे किंवा एकाच कुळातल्या दोन-चार झाडांचे पान लागते. दुसरे पान पुढे ठेवले तर ती उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही. फुले काय, कोणत्याही बागेत मिळतात. मध पिणाऱ्या पाहुण्याला चार घरे मोकळी असतात. जन्माला येण्याचे घर मात्र एकच.

महाराष्ट्राच्या या फुलपाखराला इंग्रजीत ब्लू मॉर्मन म्हणतात. मराठीत राणी पाकोळी किंवा नीलवंत. याची अळी लिंबाच्या कुळातली. लिंबोणी, पपनस आणि सह्याद्रीच्या रानातला माकडलिंबू ही तिची झाडे. आम्हां कोकणातल्या मुलांना हे कोणी शिकवावे लागले नाही. परसातल्या लिंबोणीच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काही दिसे, आणि जवळ जाऊन पाहावे तर ते हळूच सरके. ती अळी. मोठी झाली की हिरवीगार होई. काडीने डिवचली तर डोक्यामागून दोन शिंगे बाहेर काढी आणि असा उग्र वास सोडी की आम्ही पोरे नाक धरून पळत असू. आई मात्र सकाळी झाडू घेऊन त्या अळ्या झटकून कोंबड्यांना घाली, कारण लिंबे तिला लोणच्याला हवी असत. सगळ्या काही कोंबड्यांच्या हाती लागत नसत. पावसाळा सरता सरता ती काळीनिळी पाकोळी विहिरीपाशी जास्वंदीवर येई, आणि तिचे पंख हाताच्या पंजाएवढे असत. पण अळी आणि पाकोळी एकच, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. विधिमंडळांना ते आजही ठाऊक नसावे, असे त्यांचे कायदे वाचून वाटते.

२०१५ च्या जून महिन्यात महाराष्ट्राच्या राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत या फुलपाखराला राज्य-फुलपाखराचा मान देण्यात आला. शेकरू हा राज्याचा प्राणी, हरियाल हा पक्षी, आंबा हे झाड, तामण हे फूल. त्या पंगतीत पाचवे पान मांडले गेले. आम्हांला त्याचा आनंद झाला, हे लपवीत नाही. परदेशात राहणाऱ्या माणसाला आपल्या परसातल्या एखाद्या जिवाचे नाव वर्तमानपत्रात आलेले पाहून काय वाटते, ते वाचकांना सांगायला नको. महाराष्ट्रामागोमाग इतर राज्येही पुढे आली. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०१९ मध्ये आपापली फुलपाखरे ठरवली.

पण शेकरूला आणि नीलवंताला मिळालेल्या मानातला फरक पाहा. शेकरूसाठी भीमाशंकरचे अभयारण्य आहे. त्याची झाडे, त्याच्या घरट्यांच्या फांद्या, त्याचे रान तेथे राखले जाते. नीलवंताच्या वाट्याला नाव आले, चित्र आले, फलक आले. लिंबोणीचे आणि माकडलिंबाचे नाव त्या मानपत्रावर नाही. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याने अलीकडे जे वाचक गेले असतील त्यांनी पाहिलेच असेल: जुन्या वाड्यांची कुंपणे गेली, त्यांच्या जागी भिंती आल्या; परसातली लिंबोणी गेली, तिच्या जागी कापलेले हिरवे गवत आले. गवतावर फुलझाडांच्या कुंड्या आहेत, आणि फुलपाखरू तेथे मध प्यायला येईलही. अंडे घालायला कोठे जाईल?

कोणी म्हणेल, हा बैठकीतला निर्णय होता, कायदा नव्हता, म्हणून असे झाले. विधानसभेत विधेयक आणून कायदा केला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. म्हणूनच आमच्या मेहुण्यांची अमेरिका आपण जरा नीट तपासू. तिकडे या प्रकारचे कायदे होऊन पन्नास वर्षे लोटली आहेत. पन्नास वर्षांत झाडाला फळ लागते की नाही ते कळते.

कॅलिफोर्निया राज्यात कीटकशास्त्रज्ञांनी १९२९ साली आपसांत मत घेऊन एक पिवळे फुलपाखरू निवडले. त्याच्या नराच्या पुढच्या पंखांवर कुत्र्याच्या तोंडासारखी आकृती दिसते. ती निवड त्रेचाळीस वर्षे कागदावर राहिली. मग फ्रेस्नो गावच्या चौथीच्या मुलांनी पाठपुरावा केला आणि १९७२ मध्ये कायदा होऊन ते फुलपाखरू राज्याचा कीटक ठरले. मुलांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. पण त्या फुलपाखराची अळी ज्या रानटी झुडपाचे पान खाते, त्या झुडपाला राज्यचिन्हांच्या यादीत जागा मिळाली नाही.

दुसऱ्याच वर्षी, १९७३ मध्ये, मेरीलँड राज्याने आपला कीटक ठरवला. हे काळे-नारिंगी चौकडीचे फुलपाखरू. त्या वसाहतीचे जुने मालक लॉर्ड बॉल्टिमोर, त्यांच्या निशाणाचे रंग हेच, म्हणून फुलपाखरालाही बॉल्टिमोरचे नाव. याची अळी पाणथळ कुरणात उगवणाऱ्या एका पांढऱ्या फुलाच्या झाडावर वाढते. कुरणांतले पाणी काढले गेले, त्यांवर वस्ती झाली, आणि उरलेली झाडे हरणांनी खाल्ली. ज्या राज्याचे ते मानचिन्ह, त्याच राज्यात ते आता दुर्मिळ झाले आहे. मालकाचे निशाण कायद्याने सांभाळले. ते फडकवणारा जीव सांभाळला गेला नाही.

आणि आता न्यू हॅम्पशायरची कथा ऐका. आमचे सारे म्हणणे त्या एका कथेत आले आहे. तेथे कार्नर ब्लू नावाचे एक इवलेसे निळे फुलपाखरू आहे. पंख पसरले तरी जेमतेम एक इंच. न्यूयॉर्क राज्यातल्या कार्नर नावाच्या वस्तीवरून त्याला हे नाव मिळाले. प्रसिद्ध कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्ह हे फुलपाखरांचे गाढे अभ्यासक. त्यांनीच १९४० च्या दशकात याचे शास्त्रीय वर्णन केले. याची अळी फक्त रानटी ल्युपिनचे पान खाते, दुसरे काही नाही. ल्युपिन म्हणजे कोण, हे वाचकांना वेगळे सांगायला नको: बेत शेमेशच्या बाजूला फेब्रुवारी-मार्चमध्ये जी निळी टेकडी पाहायला आपण मुलाबाळांसह जातो, तो तुर्मुस, आणि बाजारात मिठाच्या पाण्यातले जे पिवळे दाणे सोलून खातो, तोही तुर्मुसच. त्याची अमेरिकन बहीण म्हणजे हे झाड. त्याला ऊन हवे. पाइनच्या विरळ रानात मधून मधून वणवा लागे, झुडपे जळून जात, जमिनीवर ऊन पडे आणि ल्युपिन उगवे. माणसांनी वणवे विझवले, घरे बांधली, कॉन्कॉर्ड शहराभोवतालचे ते रान तुकड्यातुकड्यांनी संपवले. उरलेल्या तुकड्यांत सावली दाटली आणि ल्युपिन मागे हटले.

१९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळाने याच कार्नर ब्लूला राज्य-फुलपाखरू ठरवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मध्यवर्ती सरकारनेही त्याची गणना नामशेष होऊ घातलेल्या जातींत केली. आणि १९९२ ला आठ वर्षे होतात न होतात तोच, सन २००० च्या सुमारास, ते न्यू हॅम्पशायरमधून पार नाहीसे झाले. कायद्याच्या पुस्तकात राज्य-फुलपाखरू होते, राज्यात फुलपाखरू नव्हते! बंधूंनो, मयताच्या नावावर घराची सनद करून देण्याचा हा प्रकार झाला.

पण कथा येथे संपली नाही, आणि उरलेला भाग आम्हांला पहिल्या भागाहून महत्त्वाचा वाटतो. २००१ पासून न्यूयॉर्क राज्यातून त्या फुलपाखराची अंडी आणून कॉन्कॉर्डला ती वाढवायला सुरुवात झाली. राखून ठेवलेल्या रानात झाडी तोडून, मुद्दाम ताब्यातली आग लावून जमिनीवर पुन्हा ऊन आणले गेले. शाळेतल्या मुलांनी वर्गाच्या खिडकीत कुंड्यांतून ल्युपिनची रोपे वाढवली आणि वसंतात रानात नेऊन लावली. मग ते निळे फुलपाखरू कॉन्कॉर्डला पुन्हा उडू लागले. आता सांगा, त्याला कोणी परत आणले? १९९२ च्या ठरावाने, की त्या कुंड्यांनी? पदवी तर आधीही होती आणि नंतरही होती. मधल्या काळात बदलले ते एवढेच, की माणसांचे लक्ष पंखांवरून पानावर गेले.

येथे आमच्यावर आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. आक्षेप असा की, पदवी नसती तर त्या मुलांना फुलपाखराचे नाव तरी कळले असते का? नावामुळे प्रेम, प्रेमामुळे रोप. आम्ही हे मान्य करतो. ज्याचे नाव माहीत नाही ते गेल्याचे दुःख कोण करणार? सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांवर झर्सीज ब्लू नावाचे असेच एक निळे फुलपाखरू होते. शहर वाढले, वाळूवर रस्ते आणि घरे आली, आणि १९४० च्या दशकाच्या आरंभानंतर ते कोणालाच दिसले नाही. त्याला कधी कोणते मानपत्र मिळाले नव्हते. म्हणून "नाव ठेवू नका" असे आम्ही म्हणतच नाही. आम्ही म्हणतो, नाव ठेवून थांबू नका.

आणि दोन्ही नावे ठेवता येतात, हेही अमेरिकेतल्याच एका राज्याने दाखवून दिले आहे. इलिनॉय राज्यातल्या डिकेटर गावच्या तिसरीच्या मुलांनी १९७४ मध्ये मोनार्क फुलपाखराची सूचना केली, आणि १९७५ मध्ये ते राज्याचा कीटक ठरले. पुढे व्हर्मांट, टेक्सास, मिनेसोटा अशा अनेक राज्यांनी याच मोनार्कला मान दिला. याची अळी मिल्कवीड खाते, म्हणजे आपल्या रुईच्या नात्यातले, चीक गळणारे झाड. शेताच्या बांधाबांधावर ते असे. तणनाशकांनी ते मारले गेले आणि मोनार्कची संख्या ढासळली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जेथे १९८० च्या दशकात लाखांनी मोनार्क हिवाळा काढायला येत, तेथे २०२० च्या मोजणीत दोन हजारही भरले नाहीत. इतकी राज्ये मान देत होती, आणि २०२४ च्या डिसेंबरात मध्यवर्ती सरकारला त्याला धोक्यातल्या जातींत घालण्याचा प्रस्ताव मांडावा लागला. मात्र इलिनॉयने मध्यंतरी एक शहाणपणाचे पाऊल टाकले: २०१७ मध्ये मिल्कवीडला राज्याचे रानफूल ठरवले. फुलपाखरानंतर बेचाळीस वर्षांनी का होईना, त्याच्या पानालाही मान मिळाला. आमचा आग्रह एवढाच की, जे बेचाळीस वर्षांनी सुचले ते पहिल्याच दिवशी सुचावे.

एक गोष्ट आम्हांला नेहमी खटकते. फुलपाखराचे विधेयक सभागृहात आले की सगळे हसतात, सगळे टाळ्या वाजवतात, आणि ते एकमताने मंजूर होते. का? तर त्याला खर्च नाही, त्यात कोणाची जमीन जात नाही, कोणाचा धंदा बुडत नाही. पण ज्या ठरावाने कोणाचेच काही जात नाही, त्या ठरावाने फुलपाखराला तरी काय मिळणार? त्याच विधेयकात एक कलम घाला की, अमुक पाणथळ कुरण भरून काढता येणार नाही, अमुक रस्त्याच्या कडेला तणनाशक फवारता येणार नाही; मग पाहा किती हात वर होतात. खरी परीक्षा तेथे आहे.

शेतकऱ्याच्या लिंबोणीवर आम्ही पहारा बसवू पाहतो, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. आमची आई अळ्या झटकत असे ती गरजेपोटी. तिला दंड करणारा कायदा आम्हांला नको आहे. सरकारच्या स्वतःच्या जमिनी थोड्या आहेत काय? शाळांची आवारे आहेत, एस.टी.ची स्थानके आहेत, विश्रामगृहे आहेत, महामार्गांच्या कडा आहेत. तेथे गुलमोहर लावता, तसा एक माकडलिंबू लावा, एक पपनस लावा. त्यावर औषध मारू नका. आणि त्या झाडाखाली जो फलक लावाल त्यावर पंखांचे चित्र काढा, पण शेजारी त्या कुरूप, विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळीचेही काढा. मुलांना फसवू नका. सौंदर्य कोठून येते ते त्यांना कळू द्या.

आता कोणी विचारील, इस्राएलमध्ये बसून महाराष्ट्राला आणि अमेरिकेला शिकवणारे तुम्ही कोण? तर आम्ही हे इस्राएलमध्येच शिकलो, म्हणून बोलतो.

आमच्यापैकी जे १९५० आणि १९६० च्या दशकांत या देशात आले, त्यांना आठवत असेल की त्या काळी हिवाळा सरला की लोक माळावर जाऊन कलनियोत हारेच्या हारे तोडून आणीत. घरोघरी बादल्यांत ती लाल फुले असत, आणि रस्त्याच्या कडेला जुड्या विकल्या जात. १९६३ मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि राखीव वनांचा कायदा झाला. त्यानंतर रानफुले संरक्षित म्हणून जाहीर झाली आणि देशभर मोहीम निघाली: तोडू नका, उपटू नका, विकू नका, विकत घेऊ नका. निसर्ग संरक्षण संस्था १९५३ पासून काम करीत होतीच. रंगीत भित्तिपत्रके शाळाशाळांतून लागली. मुले घरी येऊन आईबापांना दटावू लागली. आमच्या आईला तर हिब्रू धड येत नव्हते, पण नातवाने हातातले फूल पाहून डोळे वटारले, एवढे तिला पुरे झाले. एका पिढीच्या आत लोकांची सवय बदलली. आज दक्षिणेत फेब्रुवारीत लालभडक माळ पाहायला बेरशेवा, ओफाकीम, अश्दोदपासून गाड्या लागतात, आणि कोणी एक फूल तोडीत नाही.

आणि कलनीतला राष्ट्रीय फुलाचा मान केव्हा मिळाला? २०१३ मध्ये! कायद्यानंतर पन्नास वर्षांनी. आधी माळ राखला, मग मुकुट दिला. आमच्या मते योग्य क्रम हाच आहे. २००८ मध्ये लोकांची मते घेऊन हुदहुद, म्हणजे दुखिफत, हा राष्ट्रीय पक्षी ठरला, तेव्हा आपल्यातले काही ज्येष्ठ हसले होते की, तोरात निषिद्ध म्हणून सांगितलेला पक्षी राष्ट्राचा कसा! आम्ही तेव्हाही म्हटले होते की, ज्याला कोणी पकडून खाणार नाही, त्याच्यासारखा सुरक्षित पक्षी दुसरा कोणता? ती झाली गंमत. पण फुलपाखराला तेवढेही संरक्षण नाही. त्याला कोणी खात नाही, आपण त्याचे खाणे खातो.

दुसऱ्याला सांगण्यापूर्वी आपले घर पाहावे, म्हणून एक कबुली देऊन टाकतो. शिकूनमधल्या आमच्या घरामागे कुंपणापाशी दर वर्षी रानटी बडीशेप उगवते. शुमार. दर वर्षी आम्ही ती गवत समजून उपटत आलो. काही वर्षांपूर्वी एकदा उपटलेल्या जुडीवर हिरव्या अंगाच्या, काळ्या पट्ट्यांच्या आणि नारिंगी ठिपक्यांच्या पाच-सहा अळ्या होत्या. आम्ही जुडीसकट त्या कचऱ्यात टाकल्या. मागाहून कळले की ती पिवळ्याकाळ्या शेपटीवाल्या झनाव-स्नुनीत फुलपाखराची पिले होती. काडीने डिवचल्यावर तीही शिंगे काढतात आणि वास सोडतात, अगदी रेवदंड्याच्या लिंबोणीवरल्या अळीसारखीच, कारण दोन्ही एकाच घराण्यातली. साठ वर्षांपूर्वी आईने जे केले ते गरजेपोटी केले. आम्ही जे केले ते केवळ न पाहण्यापोटी केले. आता ती बडीशेप आम्ही राखतो. शेजारी विचारतात, हे जंगल काय माजवले? आम्ही म्हणतो, हा पाळणा आहे.

म्हणून आमची मागणी मोजक्या शब्दांत मांडतो. महाराष्ट्राने राज्य-फुलपाखराचा निर्णय आता कायद्याच्या रूपात आणावा, आणि त्या कायद्यात नीलवंताच्या शेजारी माकडलिंबाचे व लिंबोणीचे नाव घालावे. ती झाडे सरकारी जागेत लावण्याची जबाबदारी एका खात्यावर टाकावी, आणि दर वर्षी त्या खात्याने विधानसभेसमोर उभे राहून सांगावे की झाडे किती लावली, किती जगली आणि फुलपाखरू कोठे कोठे दिसले. ज्या वर्षी उत्तर देता येणार नाही, त्या वर्षी मानाचा फलक उतरवून ठेवावा. हे कठोर वाटेल. पण न्यू हॅम्पशायरच्या कायद्यात असे एक कलम असते, तर आठ वर्षे कोणी झोपून राहिले नसते.

आणि वाचकहो, कायदा होईल तेव्हा होईल. तुम्ही पुढच्या वेळी गावी जाल, थळला, पेणला, नवगावला, तेव्हा नातलगांसाठी चॉकलेटे आणि खजूर न्यालच. त्याबरोबर त्यांना एवढे विचारा: परसात लिंबोणी आहे का? असेल तर तिच्या एका फांदीला औषध मारू नका, एवढे सांगा. नसेल तर एक लावून या. आणि येथे परतल्यावर एन गेदीला जाल, तेव्हा खाली खोऱ्यात तपुआख सदोमचे झाड पाहा. रुंद राखाडी पाने, तोडले की चीक. ती आपल्या रुईची सख्खी बहीण आहे. तिच्या भोवती एक नारिंगी, काळ्या-पांढऱ्या कडांचे फुलपाखरू फिरते. तेच फुलपाखरू अलिबागच्या रुईवर फिरते. त्याने कोणत्या सरकारकडे मान मागितला नाही. त्याला दोन्ही देशांत पान मिळाले, म्हणून ते दोन्ही देशांत आहे.

त्या साखरपुड्यातल्या पोरीला आम्ही आता फोन करून उत्तर दिले आहे. तिने ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला, "मग त्या झाडाला बक्षीस का नाही दिले?"

आमदारांनो, या प्रश्नाचे उत्तर आम्ही देऊ शकत नाही. ते तुम्ही द्या.